अडचणीच्या काळात मंडळी आणि तिचे सभासद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंत्राट संपले, पगार थकला किंवा घरातल्या कमावत्या माणसाला आजारपण आले, की उपासनेनंतर पंचांना बाजूला घेऊन, पाळकसाहेबांना फोन करून किंवा समितीला चिठ्ठी पाठवून जे प्रश्न विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. मंडळी म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समुदाय. पाळक (धर्मगुरू), सभासदांतून निवडून आलेली पंचकमिटी आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट अशी मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांतील नेहमीची रचना उत्तरांत गृहीत धरली आहे. कॅथोलिक धर्मग्रामांची व्यवस्था वेगळी असल्यामुळे तिचा उल्लेख गरजेपुरताच येतो.

प्र. १. सभासदांना पैशांची मदत करणे हे खरोखर मंडळीचे काम आहे का? मंडळीने उपासना चालवावी, बाकीचे सरकार पाहील, असे आमच्याकडे काही जण म्हणतात.

बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांत मंडळी स्थापन होऊन फार काळ लोटण्याआधीच रोजच्या अन्नवाटपाचा प्रश्न उभा राहतो, आणि सहाव्या अध्यायात जे सात जण निवडले जातात ते या वाटपाची व्यवस्था पाहण्यासाठीच निवडले जातात. पुढे क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडणार असे अगब नावाच्या संदेष्ट्याने सुचवल्यावर अंत्युखियातील शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे काढले आणि बर्णबा व शौल यांच्या हाती ते यहूदियातील वडिलांकडे पोहोचवले (अध्याय ११). उघड्या व उपाशी बंधूला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याच्या विश्वासाबद्दल याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे विचारले आहे, ते वाचल्यावर या शंकेला फारशी जागा उरत नाही. सरकारने आपले काम करावेच. ते पदरात पाडून घेण्यासाठी मंडळी काय करू शकते, ते प्र. ९ मध्ये सांगितले आहे.

प्र. २. पहिल्या मंडळीत सर्व काही सामाईक होते. मग आम्हीही जमीनजुमला विकून मंडळीला द्यावा, असा त्याचा अर्थ होतो का?

तसा अर्थ होत नाही. जमीन विकून काही पैसा गुपचूप मागे ठेवणाऱ्या हनन्याशी बोलताना पेत्र स्पष्टच सांगतो (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५), की जमीन विकण्यापूर्वी ती त्याचीच होती आणि विकल्यावर आलेला पैसाही त्याच्याच हाती होता. त्याचा अपराध पैसा राखून ठेवण्याचा नसून खोटे बोलण्याचा होता. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात याचे अधिक व्यवहार्य सूत्र सापडते: देणाऱ्याची ओढाताण व्हावी हा हेतू नाही, तर आज एकाच्या विपुलतेतून दुसऱ्याची उणीव भरून निघावी आणि उद्या दुसऱ्याच्या विपुलतेतून पहिल्याची. आज मदत घेणारा उद्या देणारा असू शकतो हे या व्यवस्थेत गृहीतच आहे, म्हणून तिच्यात कोणाची मेहेरबानी होत नाही.

प्र. ३. मला मदत हवी आहे. कोणाला सांगू, कसे सांगू, आणि पुढे काय होईल?

पाळकसाहेबांना किंवा साहाय्य समितीतील (अडचणीतल्या सभासदांना मदत देणाऱ्या मंडळीच्या समितीतील) कोणाही एका व्यक्तीला तोंडी सांगितले तरी पुरते. लेखी अर्जाची सक्ती करू नये, कारण तशी सक्ती केली की अर्ज चांगला लिहिता येणारेच पुढे येतात. त्यानंतर समितीचे दोघे जण घरी येतात आणि त्यांपैकी एक स्त्री असणे आवश्यक आहे. दोघांनी मिळून जाण्याची ही पद्धत जुनी आहे. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे सभासद कॅथोलिक धर्मग्रामांत आजही अशाच घरभेटी करतात.

भेटीत मोजकेच विचारले जाते: घरात माणसे किती, येत्या महिन्यात कोणते पैसे भरल्यावाचून गत्यंतर नाही, कोणाचा तगादा आहे का, आणि काही गहाण पडले आहे का. घरात फ्रीज आहे किंवा मुलाच्या हाती चांगला मोबाइल आहे, असा शेरा भेटीस गेलेल्यांनी मारू नये. त्या वस्तू बऱ्या दिवसांत घेतलेल्या असतात आणि विकायला काढल्या तर महिन्याचा किराणाही सुटत नाही.

एक विनंती मात्र आग्रहाने करावीशी वाटते, ती म्हणजे लवकर सांगा. पगार थांबल्यावर पहिल्या महिन्यात जे काम किराणा आणि घरभाड्यावर भागते, तेच सहा महिन्यांनी मंगळसूत्र सोनाराकडे, मोबाइल अॅपवरचे कर्ज आणि त्या कर्जाच्या वसुलीचे फोन नातेवाइकांपर्यंत, अशा अवस्थेत समितीपुढे येते. तेव्हा समितीच्या हाती फार थोडे राहिलेले असते.

प्र. ४. आमचे नाव मंडळीत फुटणार नाही याची खात्री काय?

समितीत पाचापेक्षा जास्त माणसे नसावीत, आणि कुटुंबाचे नाव त्यांच्यापलीकडे फक्त पाळकांना आणि गरजेपुरते हिशेबतपासनिसाला ठाऊक असावे. खजिनदाराच्या वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा आणि कोणता क्रमांक कोणाचा याची यादी वेगळ्या वहीत, सचिवाच्या कुलपात असावी. हिशेबतपासनिसाला ती यादी दाखवावी लागते, कारण पावत्या आणि पैसे घेणाऱ्यांच्या सह्या त्याने पाहायलाच हव्यात. वार्षिक सभेपुढे मात्र किती कुटुंबांना, कोणत्या कारणासाठी, एकूण किती रक्कम दिली एवढेच वाचले जाते. प्रार्थनेच्या निमित्ताने होणारी वाच्यता ही आपल्याकडची खास अडचण आहे. "अमक्यांच्या घरच्या आर्थिक संकटासाठी प्रार्थना करू या" असे सद्भावनेने म्हटले तरी गुपित फुटतेच. त्या कुटुंबाने स्वतः सांगितल्याखेरीज मध्यस्थीच्या प्रार्थनेत नाव घेऊ नये.

प्र. ५. मदत रोख मिळते की वस्तूंच्या रूपात?

खर्च पाहून ठरते. शाळेची फी, वीजबिल आणि औषधांचे पैसे परस्पर शाळेला, वीज कंपनीला किंवा दुकानदाराला देणे सोयीचे असते, कारण पावती आपोआप मिळते. घरभाडे मात्र परस्पर देऊ नये; घरमालकाला कारण कळू नये म्हणून ते सभासदाच्याच खात्यात जमा करावे. किराण्यासाठी रोख द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. घरात मधुमेही कोण, तान्हे मूल किती महिन्यांचे आणि तेल कोणते चालते, हे त्या घरातल्या बाईला समितीपेक्षा चांगले माहीत असते.

व्यासपीठासमोर चार-पाच कुटुंबांना रांगेत उभे करून, त्यांच्या हाती तांदूळ, तूरडाळ आणि तेलाच्या पिशव्या देऊन, पाहुण्यांसह फोटो काढून तो व्हॉट्सअॅपवर पाठवण्याची पद्धत पूर्णपणे बंद व्हावी. डाव्या हाताला कळू न देता दान करण्याची आज्ञा (मत्तय, अध्याय ६) पाठ असलेल्या मंडळ्यांतही हे चालते. फोटोत उभी राहिलेली मुले सोमवारी त्याच शाळेत, त्याच संडे स्कूलच्या मुलांसोबत बसणार असतात, याचा विचार फोटो काढणाऱ्याने केलेला नसतो.

प्र. ६. या निधीत पैसा कोठून येतो आणि तो कोण मोजतो?

बहुतेक जुन्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या रविवारचे वेगळे अर्पण गरिबांसाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे. त्यात हंगामाच्या सणाला आणलेल्या धान्य, फळे व कोंबड्यांच्या लिलावातील काही हिस्सा आणि सभासदांची ऐच्छिक मासिक रक्कम यांची भर पडते. पौलाने करिंथकरांस सांगितले तसे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने थोडे थोडे बाजूला ठेवणे, हे संकट आल्यावर घाईघाईने वर्गणी फिरवण्यापेक्षा बरे. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन घरांत रांधण्यापूर्वी मूठभर तांदूळ वेगळे काढून मंडळीला देण्याची प्रथा १९१० पासून चालत आली आहे. तो तांदूळ प्रामुख्याने सुवार्ताकार्यासाठी जातो, पण हाती रोकड नसलेले घरही देणारे होऊ शकते हे त्यातून दिसते.

पैसे मोजण्याची शिस्त साधी आहे. उपासना संपताच वेस्ट्रीत (चर्चच्या बाजूच्या खोलीत), एकाच कुटुंबातील नसलेल्या दोघांनी थैली टेबलावर रिकामी करायची, नोटा दर्शनी किमतीप्रमाणे लावायच्या, नाण्यांचे ढीग करायचे, छापील चिठ्ठीवर प्रत्येक प्रकारची संख्या लिहून दोघांनी सह्या करायच्या आणि लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी ती रक्कम जशीच्या तशी बँकेत भरायची. आलेल्या थैलीतूनच कोणाला परस्पर पाचशे रुपये काढून देणे, मग हेतू कितीही चांगला असो, हिशेबाला आणि शेवटी विश्वासाला मारक ठरते.

प्र. ७. माझी नोकरी गेली आहे. तरीही दशांश आणि वर्गणी द्यावीच लागेल का?

जे आपल्याजवळ आहे त्या मानाने दान मान्य होते, जे नाही त्या मानाने नव्हे, असे पौल लिहितो. मिळकतच नसेल तर तिचा दहावा भागही नसतो. कर्ज काढून दशांश देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. वार्षिक वर्गणीचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण अनेक मंडळ्यांच्या घटनेत वर्गणी थकल्यास मताधिकार जातो. अशा वेळी पंचकमिटीने ठराव करून त्या वर्षाची वर्गणी माफ करावी आणि ठरावात नावाऐवजी क्रमांक घालावा. थकबाकीपोटी बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाची परवानगी किंवा कबरस्तानातील जागा अडवून ठेवणे, हे प्रकार अजूनही कानांवर येतात. अडचणीतल्या घराला मंडळीपासून कायमचे तोडण्याचा याहून खात्रीचा मार्ग नसेल.

प्र. ८. मिळालेली मदत परत करावी लागते का? मंडळी बिनव्याजी कर्ज देऊ शकेल का?

मदत परत मागितली जात नाही. पुढे बरे दिवस आल्यावर कोणी स्वखुशीने निधीत भर घातली तर ती सर्वसाधारण दान म्हणून नोंदवली जाते. कर्जाचा मार्ग आम्ही टाळतो. गरीब बंधूशी सावकारासारखे वागू नये, गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे निर्गमाचा बाविसावा अध्याय सांगतो. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात आपल्याच बांधवांची शेते व द्राक्षमळे गहाण घेणाऱ्यांना भर सभेत खडसावलेले आहे. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर ट्रस्टचा पैसा कर्जाऊ देणे कायद्याच्या दृष्टीने गुंतागुंतीचे आहे, आणि परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्यास महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने बंदी आहे. शिवाय हप्ता थकला की कर्जदार सभासद खजिनदाराची नजर चुकवू लागतो, आणि मग उपासनेलाच यायचे थांबतो. सभासदांमधील खासगी उसनवारीबद्दल प्र. १२ पाहावा.

प्र. ९. सरकारी योजना आणि दवाखान्याच्या बिलांबाबत मंडळी काय करू शकते?

येथे पैशांपेक्षा माहिती आणि कोणाचा तरी एक मोकळा दिवस जास्त उपयोगी पडतो. विधवा व निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तहसील कार्यालयाकडे करावे लागतात, अनुदान सर्वसाधारणपणे दरमहा १,५०० रुपये आहे, आणि उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला व रहिवासी पुरावा जमवताना अनेक जण अर्ध्यावरच नाद सोडतात. मंडळीतल्या एखाद्या निवृत्त कारकुनाने किंवा शिक्षकाने सोबत जाऊन हे काम तडीस नेले, तर ती मदत वर्षानुवर्षे चालू राहते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो धान्य मिळते; लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव शिधापत्रिकेवर चढले आहे का, हे घरभेटीतच विचारावे.

दवाखान्याच्या बाबतीत एक तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. चकचकीत इमारत पाहून ते रुग्णालय धर्मादाय असेल असे वाटत नाही, म्हणून दाखल होतानाच तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटून विचारावे. बिल हाती आल्यावर विचारले तर उशीर झालेला असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचीही चौकशी त्याच वेळी करावी.

मुलांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न आपल्या समाजात नाजूक आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे अनुसूचित जातींमधून ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, मात्र महाराष्ट्रात त्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. त्याचा दाखला वेळेवर काढून ठेवला तर फीच्या सवलतीचा मार्ग मोकळा होतो.

प्र. १०. आमच्याकडे पंचांच्या नात्यागोत्यातल्यांनाच मदत मिळते. तक्रार केली तर आम्हीच भांडखोर ठरतो. काय करावे?

ही तक्रार मंडळीइतकीच जुनी आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते अशी कुरकुर यरुशलेमेत सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती, त्याच्याच माणसांच्या हाती बहुधा वाटप सोपवले गेले. आपल्याकडे ग्रीक आणि इब्री (हिब्रू) बोलणारे नसतील, पण जुनी मिशन-कंपाउंडातली घराणी आणि नंतर शहरात आलेली कुटुंबे, अमक्या गावचे आणि तमक्या गावचे, असे गट प्रत्येक मंडळीत असतात आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. साहाय्य समितीत या दोन्ही बाजूंची माणसे असावीत, मदतीच्या कमाल रकमा आधीच ठरवून सूचनाफलकावर लावाव्यात, आणि आप्ताचा विषय आला की त्या समिती-सदस्याने खोलीबाहेर जावे. तक्रार पंचकमिटीच्या सचिवाकडे लेखी द्यावी आणि तिची नोंद इतिवृत्तात झाली का ते पाहावे.

प्र. ११. काम मिळत असूनही न करणाऱ्याला, किंवा दारू पिणाऱ्याला मदत द्यावी का?

"काम करण्याची इच्छा नसलेल्याने खाऊही नये" हे थेस्सलनीकाकरांस दिलेले वचन अशा वेळी हमखास पुढे केले जाते, पण त्यात दोष इच्छा नसण्याचा आहे. पन्नाशीत कंपनी बंद पडलेल्या फिटरला ते लावता येत नाही. ज्याला खरोखर काम करायचे नाही त्याला रोख देऊ नये, मात्र त्याच्या बायकामुलांचे पोट त्याच्या दोषापायी मारू नये. फी व औषधे परस्पर द्यावीत आणि किराण्याची रक्कम पत्नीच्या खात्यात जमा करावी, हेही तिला आधी विचारून, कारण कधी कधी त्यावरूनच घरात मारहाण होते.

मदतीला कामाची जोड मिळाली तर उत्तमच. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या विधवा आणि मुली केडगावच्या मुक्ती सदनात नुसत्या आश्रित म्हणून राहिल्या नाहीत. तेथे शेती, विणकाम आणि छपाई त्या शिकल्या. मंडळीच्या पातळीवर याचा अर्थ इतकाच, की कोणाकडे कसले काम आहे आणि कोणाला कसले येते याची यादी भगिनी मंडळाने आणि तरुण संघाने ठेवावी.

प्र. १२. सभासद एकमेकांकडून हातउसने घेतात आणि एकमेकांना बँकेत जामीन राहतात. त्यात मंडळीने पडावे का?

मंडळी त्यात पक्षकार होत नाही आणि पाळकांनीही साक्षीदार म्हणून सही करू नये. हातउसने देताना बुडाले तरी चालेल एवढीच रक्कम द्यावी आणि ती बँकेमार्फत द्यावी. जामीन राहण्याबाबत नीतिसूत्रांचा सहावा अध्याय सावध करतोच. १८७२ च्या करार कायद्यानुसारही वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व कर्जदाराइतकेच असते, त्यामुळे बँक थेट त्याच्याकडे येऊ शकते. "बंधूच आहे, नाही कसे म्हणायचे" हे सहीचे कारण होऊ शकत नाही. नाही म्हणणे जड जात असेल तर "मंडळीने जामिनाला मनाई केली आहे" असे खुशाल सांगावे.

प्र. १३. मग मंडळीने स्वतःची भिशी किंवा पतसंस्था सुरू केली तर?

मंडळीच्या नावाने भिशी चालवू नये. चिट फंडांना १९८२ चा केंद्रीय कायदा लागू होतो, लोकांकडून अनियंत्रित ठेवी घेण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि भिशी बुडाली तर दोष चालवणाऱ्यापेक्षा मंडळीवर येतो. महिलांचा बचत गट बँकेत खाते उघडून, मंडळीच्या हिशेबापासून पूर्णपणे वेगळा ठेवून चालवता येतो. पतसंस्था काढायची तर सहकार कायद्याखाली रीतसर नोंदणी, निवडणूक आणि हिशेबतपासणी यांना पर्याय नाही. वसईत १९१८ मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने स्थानिक कॅथोलिक समाजाने उभारलेली सहकारी संस्था पुढे बॅसीन कॅथोलिक बँक म्हणून वाढली, ती सहकाराच्या चौकटीत राहून. धर्मगुरूने पुढाकार घेतला तरी पैसा चर्चच्या खात्यात नव्हता, हा त्यातला घेण्यासारखा धडा आहे.

प्र. १४. सभासद नसलेल्यांना किंवा इतर धर्माच्या शेजाऱ्यांना या निधीतून मदत देता येते का?

सर्वांचे, आणि विशेषतः विश्वासाने एका घरचे झालेल्यांचे बरे करावे, असे गलतीकरांस लिहिले आहे. त्यात क्रम सांगितला आहे, कुंपण घातलेले नाही. निधीचा ठरावीक भाग, समजा पाचवा हिस्सा, त्यासाठी वेगळा ठेवावा. मदतीबरोबर उपासनेला येण्याची अट, पत्रक किंवा प्रार्थनेचा आग्रह कोणत्याही स्वरूपात नसावा. आमिषाचा आरोप टाळणे हे त्याचे एक कारण, पण उपाशी माणसापुढे अट ठेवणे मुळातच अशोभनीय आहे हे त्याहून मोठे कारण. दुसऱ्या मंडळीच्या सभासदाने मागणी केल्यास, त्याची परवानगी घेऊन त्याच्या पाळकांशी बोलावे, म्हणजे दोन्हीकडून मदत विभागून देता येते.

प्र. १५. परदेशात गेलेले आमचे सभासद पैसे पाठवू इच्छितात. घ्यावेत का?

पाठवणाऱ्याचे नागरिकत्व कोणते, यावर उत्तर अवलंबून आहे. आखातात नोकरी करणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी पाठवत असेल, तर ती विदेशी योगदान समजली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत घेऊन ठेवावी. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे कार्ड) असले तरी ती देणगी विदेशी ठरते, आणि २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसल्यास ट्रस्टला ती स्वीकारता येत नाही. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. "सचिवांच्या खात्यात टाका, ते वाटतील" ही पळवाट सचिवांना अडचणीत आणणारी आहे. सख्ख्या नातेवाइकाने आपल्या घरी पैसे पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याला मंडळीच्या मध्यस्थीची गरजच नाही.

प्र. १६. पाळकसाहेब किंवा पंच स्वतःच अडचणीत असतील तर?

पंचाला इतर सभासदांइतकाच हक्क आहे. फक्त त्याच्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत त्याने समितीच्या बैठकीस बसू नये आणि त्या महिन्यात धनादेशावर त्याची सही नसावी. पाळकांची गोष्ट निराळी आहे. अर्पण घटले की पहिली कात्री बहुधा पाळकांच्या पगाराला लागते, आणि ते व त्यांची पत्नी कोणापाशी बोलू शकत नाहीत, कारण बोलायचे तर ज्यांना धीर द्यायचा त्यांच्याचपाशी. थकलेला पगार हे मंडळीचे देणे आहे. तो साहाय्य निधीतून "मदत" म्हणून देऊ नये, तर सर्वसाधारण हिशेबातून थकबाकी म्हणूनच चुकता करावा. पगार नियमित मिळूनही आजारपण किंवा मुलांच्या शिक्षणामुळे पाळकांवर ओढ आली असेल, तर त्यांनी आपल्या पंचांऐवजी वरिष्ठांकडे, म्हणजे ज्या त्या मंडळीच्या रचनेप्रमाणे बिशप, सुपरिटेंडेंट किंवा विभागीय समितीकडे जावे, आणि पंचकमिटीने तो मार्ग आपण होऊन त्यांना खुला करून द्यावा.